लॅपटॉपला घरचं वायफाय लागत नाही? आधी बिघाड कुठं आहे ते शोधा, मग बटणं दाबा

नेट बंद पडलं की पुष्कळांचा पहिला हात जातो राउटरच्या मागच्या बारीक भोकाकडं. पिन घालून दहा सेकंद दाबलं की सगळं सुरळीत होतं, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. त्या भोकातलं रीसेट बटण दाबलं की राउटरमधलं सगळं पुसलं जातं. वायफायचं नाव आणि पासवर्ड जातोच, पुष्कळ जोडण्यांमध्ये नेटवाल्यानं भरून ठेवलेलं युजरनेमही जातं. मग जो बिघाड एकट्या लॅपटॉपचा होता तो घरातल्या प्रत्येक फोनला आणि टीव्हीला लागतो. गाव तालुक्यापासून लांब असेल तर माणूस येईपर्यंत घर बंदच.

दुसरी चूक म्हणजे एका दमात पाच गोष्टी बदलणं. पासवर्ड बदलला, ड्रायव्हर (वायफायचा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) काढला, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता शोधणारी सेवा) नवा टाकला, आणि नेट आलं तरी कशानं आलं ते कळत नाही. नाही आलं तर नवा बिघाड कोणता नि जुना कोणता हेही कळत नाही. म्हणून एका वेळी एकच बदल करा, तो वहीत लिहा, तपासा, मग पुढं जा.

खालचे टप्पे विंडोज १० आणि ११ साठी आहेत. क्रम महत्त्वाचा आहे, मधूनच सुरुवात करू नका.

## तयारी

नेट बंद असताना माहिती शोधणं अवघड जातं. त्यामुळे एवढं आधी हाताशी ठेवा:

- राउटरच्या खालच्या किंवा मागच्या स्टिकरचा फोटो. वायफायचं मूळ नाव, पासवर्ड, राउटरच्या पानाचा (सेटिंग्जच्या वेबपानाचा) पत्ता आणि त्याचा लॉगिन पुष्कळदा तिथंच छापलेला असतो.
- मोबाईल डेटा शिल्लक असलेला फोन आणि त्याची डेटा चालणारी यूएसबी केबल. काही केबलांनी फक्त चार्जिंग होतं.
- जमल्यास एक लॅन केबल, म्हणजे राउटर आणि लॅपटॉप थेट जोडणारी वायर. शेजारी, दुकानात, कॉम्प्युटर क्लासमध्ये मागितली तरी मिळते.
- नेटच्या जोडणीचा ग्राहक क्रमांक आणि रिचार्ज संपण्याची तारीख.

पीक विम्याचा किंवा भरतीचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस असेल तर दुरुस्ती बाजूला ठेवा. फोनला केबल लावा, फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग (केबलमधून फोनचं नेट लॅपटॉपला देणं) सुरू करा आणि फॉर्म भरून टाका. त्याला लॅपटॉपचं वायफाय लागतच नाही. बिघाड नंतर शांतपणे शोधता येतो.

## टप्पा १: बिघाड लॅपटॉपचा, राउटरचा की लाईनचा?

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. नळाला पाणी आलं नाही तर आपण नळ खोलत नाही, आधी टाकीत पाणी आहे का बघतो. इथंही तसंच करायचं.

पहिली तपासणी. फोन लॅपटॉपच्या अगदी शेजारी ठेवा. फोनचा मोबाईल डेटा बंद करा, वायफाय सुरू ठेवा. मग एखादी आज न उघडलेली साइट उघडा.

मोबाईल डेटा बंद करायचं लोक विसरतात आणि इथंच सगळा शोध भरकटतो. वायफायवर नेट नसेल तर बरेच फोन गुपचूप मोबाईल डेटावर जातात. वर वायफायची खूण दिसत राहते, व्हिडिओ चालतो, आणि घरातले म्हणतात, "फोनवर तर चालतंय, तुझ्या लॅपटॉपचाच प्रॉब्लेम आहे." मग दिवसभर लॅपटॉपची सेटिंग्ज उलटीपालटी होतात आणि रिचार्ज मात्र कालच संपलेला असतो.

दुसरी तपासणी. आता मोबाईल डेटा सुरू करून फोनचा हॉटस्पॉट चालू करा आणि लॅपटॉप त्याला जोडा. लॅपटॉप जुना असेल तर हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा. आयफोनमध्ये त्यासाठी 'मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी' सुरू करावं लागतं.

आता निकाल वाचा:

- फोनलाही घरच्या वायफायवर नेट नाही: बिघाड राउटरचा किंवा लाईनचा. टप्पा २ वर जा, लॅपटॉपला हात लावू नका.
- फोनला घरचं नेट आहे, लॅपटॉप हॉटस्पॉटला लागतो पण घरच्या वायफायला लागत नाही: लॅपटॉपचं वायफाय कार्ड (वायफाय पकडणारा आतला भाग) चांगलं आहे. टप्पा ३ करून टप्पा ४ पासून पुढं.
- लॅपटॉप हॉटस्पॉटलाही लागत नाही: टप्पा ३ करा, टप्पा ४ मधला एअरप्लेन मोड आणि स्विच तेवढा बघा, मग थेट टप्पा ७ वर.

खात्री करा: तीनपैकी आपली अवस्था कोणती ते वहीत लिहिलं का? लिहिल्याशिवाय पुढं जाऊ नका.

## टप्पा २: डबीवरचे दिवे

फायबरची लाईन घरात येऊन ज्या डबीला लागते तिच्यावर साधारण पॉवर, पॉन (लाईन जोडल्याची खूण), एलओएस (सिग्नल तुटल्याची खूण), इंटरनेट आणि डब्ल्यूलॅन (वायफाय) असे दिवे असतात. काही नव्या डब्यांवर एकच दिवा असतो आणि तो रंग बदलतो. कोणता रंग कशाचा ते खोक्यातल्या कागदावर असतं.

एलओएस लाल पेटलाय किंवा लाल उघडझाप करतोय: प्रकाशाचा सिग्नल डबीपर्यंत पोचत नाही. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली असेल, वाऱ्यानं खांबावरून सुटली असेल, उंदरानं कुरतडली असेल किंवा गच्चीवर वानरांनी ओढली असेल. घरात एवढंच बघा की पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कपाटाखाली दबलेली, खिळ्याभोवती काटकोनात वळलेली तर नाही ना. फायबरच्या आत काच असते. ती तुटली तर वरून दिसत नाही.

सावधान: फायबरचं टोक उपसून त्यात डोळा लावून बघू नका. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. टोकाला बोटही लावू नका, धुळीनं सिग्नल पडतो.

पॉन स्थिर हिरवा, पण इंटरनेटचा दिवा बंद किंवा लाल: लाईन येतेय, लॉगिन होत नाही. आधी रिचार्जची तारीख बघा. ती ठीक असेल तर नेटवाल्याला फोन करा.

दिवे मधूनच सगळे विझतात नि परत लागतात: बहुतेक वेळा ॲडॅप्टर कमजोर झालेला असतो. आपल्याकडं लाईट जाते-येते आणि येताना दाब वरखाली होतो, त्यात हे छोटे ॲडॅप्टर आधी जातात. घरात पडलेला सेट-टॉप बॉक्सचा ॲडॅप्टर पिन बसते म्हणून लावू नका. दोन्हींवरचा व्होल्टचा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे. अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत, टीव्हीच्या मागं कोंबलेली डबी दुपारी तापून अडखळते आणि संध्याकाळी आपोआप नीट चालते. असं होत असेल तर तिला मोकळ्या हवेत आणा, दुसरं काही करू नका.

## टप्पा ३: बंद-चालू, पण क्रमानं

रीस्टार्ट म्हणजे रीसेट नव्हे. रीस्टार्ट म्हणजे वीज बंद करून पुन्हा देणं. त्यात काहीही पुसलं जात नाही.

१. डबीचा आणि राउटरचा स्विच बंद करा. इन्व्हर्टर किंवा छोटा यूपीएस लावला असेल तर तिथूनही पिन काढा, नाहीतर ती बंद झालेलीच नसते.
२. अर्धा मिनिट थांबा.
३. फायबरची डबी आणि राउटर वेगवेगळे असतील तर आधी डबी सुरू करा. पॉनचा दिवा स्थिर झाला की मगच राउटर. दोन-तीन मिनिटं लागतात.
४. लॅपटॉप रीस्टार्ट करा. 'शटडाऊन' करून पुन्हा सुरू करणं वेगळं आहे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप सुरू असतं तेव्हा शटडाऊनमध्ये सिस्टीमचा काही भाग जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहतो.

सगळे दिवे नीट लागेपर्यंत मध्येच पुन्हा स्विच काढू नका.

## टप्पा ४: लॅपटॉपवर वायफायचं नाव दिसतंय का?

खाली उजव्या कोपऱ्यातल्या नेटच्या खुणेवर क्लिक करा. विमानाची खूण पेटलेली असेल तर एअरप्लेन मोड बंद करा. काही लॅपटॉपांवर वरच्या एफ-किजपैकी एकीवर अँटेनाचं चित्र असतं, ती चुकून दाबली जाते. जुन्या काही मॉडेलांना कडेला सरकवायचा स्विच असतो. तोही बघा.

आता यादी बघा. शेजाऱ्यांची नावं दिसतात पण आपलंच दिसत नाही, तर कारण बहुधा बँडमध्ये आहे. बँड म्हणजे वायफायच्या लहरींचा पट्टा. पुष्कळ राउटर दोन बँडवर चालतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ चा वेग जास्त, पण तो भिंतीतून फारसा जात नाही. जुन्या वाड्यांच्या दगडी, मातीच्या जाड भिंती असल्या की पुढच्या खोलीतला ५ चा सिग्नल मागच्या खोलीत मरतो. शिवाय पुष्कळ जुन्या लॅपटॉपांच्या कार्डाला ५ चा बँड मुळीच कळत नाही. फोन नवा असल्यामुळे त्याला दिसतो, लॅपटॉपला दिसत नाही.

नावाच्या शेवटी '५जी' लिहिलेलं असतं त्याचा मोबाईलच्या ५जीशी काही संबंध नाही. ते फक्त ५ गिगाहर्ट्झचं नाव आहे. ते दिसत नसेल तर '५जी' नसलेलं नाव शोधा. दोन्ही बँडना एकच नाव असेल तर राउटरच्या पानावर जाऊन २.४ ला वेगळं नाव द्या.

राउटरचं पान उघडायला, घरच्या वायफायला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये स्टिकरवरचा पत्ता टाका, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१. अंक इंग्रजीतच टाकायचे, मराठी अंकांनी पान उघडत नाही. तिथं २.४ गिगाहर्ट्झच्या सेटिंगमध्ये चॅनल १२ किंवा १३ असेल तर १, ६ किंवा ११ करा. काही लॅपटॉपांना १२ आणि १३ दिसत नाहीत, विशेषतः परदेशातून आणलेल्यांना.

सावधान: त्या पानावर 'वॅन' किंवा 'पीपीपीओई' नावाचा, नेटवाल्याच्या लाईनच्या लॉगिनचा भाग असतो. तिथं काहीही बदलू नका.

## टप्पा ५: नाव दिसतं, पण 'कान्ट कनेक्ट टु धिस नेटवर्क'

राउटर बदलला किंवा पासवर्ड बदलला आणि नाव तेच ठेवलं, तर लॅपटॉप जुनाच पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. उपाय सोपा आहे. सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय, मग मॅनेज नोन नेटवर्क्स. आपल्या नावापुढं 'फर्गेट' दाबा आणि नव्यानं जोडा.

पासवर्ड टाकताना डोळ्याच्या खुणेवर दाबून धरा आणि अक्षरं स्वतः बघा. जे लोक लॅपटॉपवर मराठी टायपिंग करतात त्यांनी कोपऱ्यातली भाषा आवर्जून पाहावी. मराठी कीबोर्ड सुरू राहिला की पासवर्ड बरोबर आठवूनही चुकतो. विंडोज आणि स्पेस या दोन किज एकत्र दाबल्या की भाषा बदलते. कॅप्स लॉकही बघा. ग्रामपंचायतीचं आणि शाळेचं काम घरी आणणाऱ्यांच्या बाबतीत हे इतक्या वेळा घडतं, की मी पुढचं काही विचारण्याआधी भाषाच विचारतो.

पासवर्ड आठवतच नसेल तर आधीपासून जोडलेल्या फोनवर वायफायच्या नावावर जाऊन 'शेअर' दाबा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये क्यूआर कोडच्या खाली पासवर्ड लिहूनही येतो.

पासवर्ड नक्की बरोबर आहे, इतर फोन जोडले जातात, तरी जुना लॅपटॉप नाकारला जातो? मग राउटरच्या पानावर वायफायची सिक्युरिटी बघा. तिथं फक्त 'डब्ल्यूपीए३' ही सुरक्षेची नवी पद्धत असेल तर जुन्या कार्डांना ती समजत नाही. 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असं मिश्र किंवा 'डब्ल्यूपीए२' निवडा. 'ओपन' कधीही ठेवू नका. बिनपासवर्डचं वायफाय गल्लीतलं कुणीही वापरतं आणि जोडणी तुमच्या नावावर असते.

## टप्पा ६: जोडलं गेलं, पण 'नो इंटरनेट'

इथं लोक सर्वात जास्त गोंधळतात, कारण वायफायची खूण दिसते आणि साइट उघडत नाही. याच क्रमानं बघा.

तारीख आणि वेळ. लॅपटॉप बरेच दिवस बंद पडून होता किंवा आतला नाण्याएवढा सेल संपला की तारीख मागं जाते. ब्राउझर सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र तारखेवरून तपासतो, म्हणून त्या साइट उघडत नाहीत आणि 'युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' असं येतं. तारीख हातानं बरोबर करा. दर वेळी सुरू केल्यावर तारीख पुन्हा चुकत असेल तर दुरुस्तीवाल्याकडून सेल बदलून घ्या.

आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला लॅपटॉपचा आकड्यांतला पत्ता. सेटिंग्जमध्ये वाय-फाय, मग आपल्या नावाचं प्रॉपर्टीज उघडा. 'आयपी असाइनमेंट' समोर 'ऑटोमॅटिक' हवं. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा पुण्याच्या ऑफिसात वापरलेल्या लॅपटॉपवर तिथला ठरावीक पत्ता 'मॅन्युअल' म्हणून राहिलेला असतो. तो घरच्या राउटरशी जुळत नाही. ऑटोमॅटिक करा, डीएनएसही ऑटोमॅटिक करा.

खाली 'आयपीव्ही४ ॲड्रेस' दिसतो. तो १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरनं लॅपटॉपला पत्ता दिलेलाच नाही. टप्पा ३ पुन्हा करा, नाव 'फर्गेट' करून परत जोडा.

प्रॉक्सी आणि व्हीपीएन, म्हणजे नेट दुसऱ्या सर्व्हरवरून फिरवून आणणाऱ्या सोयी. नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये 'प्रॉक्सी' उघडा, 'यूज अ प्रॉक्सी सर्व्हर' बंद असायला हवं. ऑफिसचं व्हीपीएन सुरू असेल तर थोडा वेळ बंद करून बघा.

डीएनएस. स्टार्टमध्ये 'cmd' शोधून उघडा, तिथं 'ping 1.1.1.1' लिहून एंटर दाबा, इंग्रजी अंकांत. 'रिप्लाय' असं उत्तर आलं पण ब्राउझरमध्ये नावानं कोणतीच साइट उघडत नाही, तर दोष डीएनएसचा. विंडोज ११ मध्ये 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट' मॅन्युअल करून आयपीव्ही४ मध्ये ८.८.८.८ आणि दुसऱ्या ओळीत १.१.१.१ भरा.

खात्री करा: प्रत्येक बदलानंतर तीच एक साइट उघडून बघितली का? फरक पडला नसेल तर बदल मागं घेतला का?

## टप्पा ७: ड्रायव्हर आणि कार्ड

स्टार्टच्या खुणेवर उजवं क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा, त्यात 'नेटवर्क ॲडॅप्टर्स'. इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक किंवा क्वालकॉम अशा नावापुढं 'वायरलेस' किंवा 'वाय-फाय' असलेली ओळ शोधा.

- ओळीवर खाली जाणारा बाण असेल तर उजवं क्लिक करून 'एनेबल' करा.
- पिवळा त्रिकोण असेल किंवा विंडोज अपडेटनंतर बिघाड सुरू झाला असेल तर 'प्रॉपर्टीज', मग 'ड्रायव्हर', मग 'रोल बॅक ड्रायव्हर'. ते फिकट असेल तर 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करून रीस्टार्ट करा, विंडोज ड्रायव्हर पुन्हा बसवतं.
- ओळच नाही: लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, मग सुरू करा. गायब झालेलं कार्ड यानं पुष्कळदा परत दिसतं.

सावधान: अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरही काढून टाकण्याची एक चौकट येते. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवला नसेल तर त्या चौकटीत खूण करू नका. नेट नसेल तेव्हा तो ड्रायव्हर यूएसबी टेदरिंगनं उतरवता येतो. 'मोफत ड्रायव्हर अपडेटर' म्हणून मिळणारी सॉफ्टवेअर मात्र बसवू नका.

लॅपटॉप झोपून उठला की नेट जातं, अशी तक्रार असेल तर त्याच प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' असल्यास वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी काढून टाका.

एवढं करूनही कार्ड दिसत नसेल तर ते मेलं असण्याची शक्यता मोठी. यूएसबीला लावायचा छोटा वायफाय ॲडॅप्टर घ्या, दोन्ही बँडचा. लॅपटॉप लगेच बदलायला काढू नका.

## टप्पा ८: नेटवर्क रीसेट, अगदी शेवटी

सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, नेटवर्क रीसेट. विंडोज १० मध्ये हा पर्याय 'स्टेटस'च्या पानाखाली असतो. हे रीसेट लॅपटॉपचं आहे, राउटरचं नाही. यानं लॅपटॉपमध्ये साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि व्हीपीएन जातात, म्हणून ते आधी लिहून ठेवा. उघडं काम सेव्ह करा, लॅपटॉप थोड्या वेळात स्वतः रीस्टार्ट होतो.

## अधूनमधून तुटत असेल तर

लोखंडी कपाट, आरसा आणि पाण्याची टाकी सिग्नल अडवतात. डबी कपाटावर मागं ठेवली असेल तर पुढं, उंचावर, घराच्या मधोमध आणा. मायक्रोवेव्ह सुरू असताना २.४ चा बँड अडखळतो. राउटरच्या शेजारी बसल्यावर सगळं ठीक चालत असेल तर लॅपटॉपची सेटिंग्ज तशीच राहू द्या, जागा बदला.

वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की ॲडॅप्टर बोर्डातून आणि लॅन केबल लॅपटॉपमधून काढून ठेवा. नुसता स्विच बंद करून पुरत नाही.

## नेटवाल्याला फोन करताना

"नेट चालत नाही" एवढंच सांगितलं तर पलीकडून "रीस्टार्ट करा" एवढंच उत्तर येतं. ग्राहक क्रमांक सांगा. मग कोणता दिवा कोणत्या रंगाचा आहे, केव्हापासून, मोबाईल डेटा बंद करून किती फोनांवर तपासलं, आणि लॅन केबल लावल्यावर काय झालं, हे सांगा. लॅन केबलनंही नेट नसेल तर वायफायचा प्रश्न उरत नाही, तक्रार लाईनची म्हणूनच नोंदवा. तक्रार क्रमांक घ्या आणि लिहून ठेवा.

माणूस आला की डबीत नवं काय भरलं ते विचारून वहीत उतरवून घ्या. तो जाण्याआधी साइट तुमच्या लॅपटॉपवर उघडून बघा, त्याच्या फोनवर नाही.